इनामगावच्या पांढरीवर: साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं बघायला जाताना

शिरूर तालुक्यातल्या इनामगावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, बघायला जायचं असेल तर आधी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमधलं पुरातत्त्व संग्रहालय बघा, मगच गाडी काढा. मी पहिल्या खेपेला थेट गेलो होतो, तेही जुलैत. ऊस, चिखल आणि नदी एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा जानेवारीत गेलो तेव्हा आदल्या दिवशी संग्रहालयात दोन तास घालवले होते आणि सोबत आत्या होती. त्याच रानात मग घरं दिसायला लागली.

आत्याचं लहानपण वेल्ह्याकडे, कारवीच्या कुडाच्या घरात गेलं. तिला पुरातत्त्वाचं फारसं काही माहीत नाही, पण घर कसं उभं राहतं हे तिला हातानं माहीत आहे. इनामगाव समजायला तेच लागतं, कारण इथं दगडी भिंती नाहीत, कमानी नाहीत. माती, लाकूड आणि गवत यांची घरं होती ती. लाकूड कुजलं, गवत गेलं, भिंती ढासळून मातीत मिसळल्या. मागे राहिली ती चोपून केलेली जमीन, चुलीची जागा, आणि मेढी, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी खांब, जिथं पुरल्या होत्या ती भोकं.

डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं इथं खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष उघडे केले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव इतक्या मोठ्या प्रमाणावर आडवं उघडून पाहिल्याचं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. वस्तीचे तीन टप्पे निघाले: माळवा काळ (सुमारे इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावाचं. या काळातली विशिष्ट भांडी तिथं आधी सापडली म्हणून ते पडलं.

संग्रहालयात आत्याला मी मेढीच्या भोकांबद्दल सांगत होतो. लाकूड कुजलं की त्या जागी भोवतालपेक्षा वेगळ्या रंगाची, भुसभुशीत माती भरते. खोदणारा हलक्या हातानं जमीन खरवडत जातो आणि मळकट गोल ठिपके उमटतात. ठिपके जोडले की घराचा आकार मिळतो. आत्या म्हणाली, "म्हणजे मेढ गेली तरी तिचा खड्डा राहतो. आमच्या जुन्या घराच्या जागी आजही पाऊस पडला की जमीन तेवढीच खचते." याहून सोपं स्पष्टीकरण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

संग्रहालयात घाई करू नका. मडक्यांच्या ओळी बघून पुढे सरकायचा मोह होतो, पण इथल्या घराचा अर्थ त्या मडक्यांशिवाय लागत नाही. हे लोक लहान मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांनाही घरातच पुरत, बहुधा घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीच्या डबीत ठेवलेली शिर नसलेली स्त्रीमूर्ती मिळाली, सोबत एक बैल. म्हणजे घर नुसतं डोक्यावरचं छप्पर नव्हतं. खाली पूर्वज आणि लेकरं, वर चूल आणि धान्य. आत्या त्या दोन मडक्यांपुढे बराच वेळ उभी होती.

आता रस्ता. पुण्याहून अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या घरात आहे. नगर रस्त्यानं शिरूर, तिथून न्हावरे आणि पुढे इनामगाव. किंवा सोलापूर रस्त्यानं चौफुला, केडगाव, पारगाव करत न्हावरे. आम्ही जाताना शिरूरकडून गेलो आणि परतताना चौफुल्याकडून आलो. सकाळी नगर रस्त्याची गर्दी टाळायची तर सहाच्या आत पुणं सोडा. गावात पोचल्यावर "पुरातत्त्वाचं ठिकाण" असं विचारू नका, "पांढरी कुठं?" असं विचारा. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा फरक आपल्या गावांत अजून शाबूत आहे. शेकडो वर्षांची राख, शेण आणि भिंतींची माती साचून तो फिकट रंग येतो.

जुनी वस्ती आजच्या गावापासून थोडी दूर, घोड नदीच्या उजव्या तीरावर आहे. उघडे खड्डे, फलक, तिकीटघर यांच्या आशेनं जाऊ नका. चालत राहा आणि पायाखाली बघा: काळ्या रानातून फिकट मातीवर पाय पडतो, ती जागा चटकन कळते. लाल खापरांचे तुकडे दिसतील, एखाद्यावर काळ्या रंगाची रेघ असेल. बघा, फोटो काढा आणि जिथल्या तिथे ठेवा. खिशात घातलेलं खापर मुकं होतं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. आम्ही विचारलं, तर त्यांनी वर चहा दिला. बाभळीचे काटे आहेत, चपला नकोत. पाणी सोबत न्या, सावली फार नाही.

नदीकडे तोंड करून उभं राहिलात तर गावाची मांडणी मनाशी लावून बघा. पूर्व जोर्वे काळात घरं चौकोनी होती, मधे आडभिंत, पुढे अंगण, आणि ओळीनं बांधलेली. दोन घरांत जायला-यायला जागा सोडलेली. मधोमध सुखवस्तू शेतकरी, पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे. एक घर पाच खोल्यांचं, ते वस्तीच्या प्रमुखाचं मानतात, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. त्यात पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, आणि धान्याच्या कणग्या ठेवायचे गोल ओटे. मुख्य पीक जवाचं, आणि नदीचं पाणी वळवायला पाट अन् बांध. कोठार प्रमुखाच्या घराशेजारी असणं मला सगळ्यात बोलकं वाटतं. कर म्हणून गोळा केलेलं धान्य तिथं साठत असावं, हा ढवळीकरांचा तर्क पटतो.

मला सांगायचं आहे ते यापुढचं. आपण शाळेत शिकतो की माणूस आधी गुहेत, मग गोल झोपडीत, मग चौकोनी घरात आला. इनामगावात माळवा काळात मोठी चौकोनी घरं आणि जमिनीत खणलेलं खड्ड्याचं घर, दोन्ही आहेत. पूर्व जोर्वेत नीटस चौकोनी घरं. आणि शेवटच्या टप्प्यात, म्हणजे सगळ्यात अलीकडे, छोट्या गोल झोपड्या, तीन-चार मिळून एका कुटुंबाच्या. पाऊस कमी झाला, शेती बसली, जनावरांवर भिस्त आली, आणि घर लहान झालं, असं उत्खननकर्त्यांनी मांडलं. घराचा आकार ठरतो तो घरात धान्य किती आणि माणसं किती दिवस एका जागी राहणार यावर. आत्याला हे ऐकून नवल वाटलं नाही. ७२ च्या दुष्काळात गावातल्या काहींनी वासे विकून पालं टाकल्याचं तिला आठवत होतं.

एक कळकळीची विनंती. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर टाकायला चांगली म्हणून आपल्याकडे जुनी टेकाडं गाड्या भरभरून उचलली गेली आहेत. तुमच्या गावाजवळ असं टेकाड असेल तर तिथं जेसीबी लागण्याआधी पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. एकदा माती हलली की मेढीची भोकंही गेली.

परतताना शेताच्या कडेला एक गोठा लागला. कुडाची भिंत, एका बाजूचा लिंपा गळून आतल्या काटक्या उघड्या पडलेल्या. गळालेलं ढेकूळ आत्यानं उचलून उलटं केलं. आतल्या बाजूला काटक्यांच्या खाचा आणि लिंपणारीच्या बोटांचे चार ओरखडे होते. "मागून लिंपताना असंच दाबायचं," ती म्हणाली, आणि स्वतःची चार बोटं त्या ओरखड्यांवर ठेवून बघितली.