अस्तरातलं वय

"व्हिक्टोरियन आहे, अगदी अस्सल," विक्रेता म्हणाला. लंडनच्या जुन्या बाजारात असं कुणी म्हणालं की मराठी माणसानं सावध व्हावं. टोपी घालणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

टॉप हॅट होती. काळीभोर, मांजराच्या पाठीसारखी चमकणारी. मी ती आधी उलटी केली. बाहेरून वय ठरवायला गेलं की फसगत होते. धुराड्यासारखी सरळसोट उंच असेल तर १८५०-६०च्या आसपासची म्हणता येते; गोळी लागली त्या रात्री लिंकन फोर्ड थिएटरात गेला तो तसलीच घालून, गेलेल्या मुलाच्या दुखवट्याची काळी पट्टी लावलेली. एरवी घाट फॅशनीबरोबर येतात-जातात.

अस्तर मात्र बोलतं. आत सोनेरी राजमुद्रा होती आणि खाली 'हिज मॅजेस्टी'. व्हिक्टोरिया राणी गेली १९०१ला. तिथून १९५२पर्यंत सगळे राजेच. तिच्या आधी, १८३७पर्यंतही राजेच होते म्हणा, पण तेव्हाची टोपी बहुधा बीव्हरच्या केसांच्या नमद्याची असायची. ही रेशमी प्लशची, म्हणजे मऊ लव असलेल्या कापडाची होती. फ्रान्सातल्या ल्यों शहरात विणलं जाणारं ते कापड आता कुणी विणत नाही, म्हणून शौकीन लोक जुन्याच टोप्या डागडुजी करून वापरतात.

नखानं टिचकी मारली. टक्! आत सुती कापड लाखेनं कडक केलेलं असतं, आणि लाख जायची प्रामुख्यानं हिंदुस्थानातून. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'नं ज्या टोपीकरांपासून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांपासून, सावध राहायला सांगितलं (त्यांच्या टोप्या तेव्हा वेगळ्या होत्या, हे मान्य), त्यांच्या पणतू-खापरपणतूंचा ताठा आपल्या लाखेवर उभा होता तर! मला उगाचच बरं वाटलं.

विक्रेत्याला 'हिज' दाखवलं. तो जराही वरमला नाही. "मग एडवर्डियन. तीही अस्सलच की!"

घालून पाहिली तर कपाळावरच अडकली. जुन्या टोप्या बहुतेक लहान मापाच्याच उरल्यात. मोठ्या डोक्याची मिळाली तर किंमतही तशीच मोठी. काढताना आतल्या चामडी पट्टीमागे काहीतरी चुरचुरलं. वर्तमानपत्राची घट्ट घडी. म्हणजे मला न होणारी ही टोपी तिच्या मालकाला सैल होत होती! तारीख मिळेल म्हणून घडी हलकेच उलगडली. तारखेचा कोपरा फाटलेला होता. उरले होते घोड्यांच्या शर्यतीचे निकाल, आणि एका घोड्याच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ.