अडकलेले पैसे आणि आपलं मन
म्हापशाच्या बाजारात वडिलोपार्जित दुकान असलेल्या कुणालाही न खपणारा माल काढून टाक म्हणून सांगा, लगेच हात आखडतो, कारण पैसे अडकलेत ना त्यात! पण ते तर कधीच गेले, हे हिशेबाला कळतं, मनाला नाही. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त बोचतं, आणि २००२ मध्ये काहनेमनना चक्क अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्ड विमानाचंही तेच, खर्च फुगत गेला तरी ब्रिटन-फ्रान्सने ते बनवणं सोडलं नाही. भावना बाजूला ठेवा हा सल्ला मला अजिबात पटत नाही, त्या बाजूला राहतच नाहीत. त्यापेक्षा स्वतःला विचारा, आज हातात रोख असती तर हाच माल परत भरला असता का? नसेल तर गणेश चवथीआधी सेल लावा नि जागा मोकळी करा.