नसलेली गावं

इंग्रजी विकिपीडियावर कुठला लेख ठेवायचा आणि कुठला काढून टाकायचा, याच्या चर्चा सगळ्यांसमोर चालतात, आणि त्या वाचायचा मला नाद आहे. लेख वाचायचा नव्हे, चर्चा वाचायचा. त्यातही अमेरिकेतल्या गावांच्या. कॅलिफोर्नियातलं किंवा इंडियानातलं एखादं नाव कुणीतरी 'वगळावं' म्हणून पुढे आणतं, साधारण सात दिवस त्यावर खल होतो, आणि शेवटी एखादा प्रचालक, म्हणजे लेख काढायचा अधिकार असलेला सदस्य, सगळं वाचून निकाल देतो. खल कशाचा, तर या ठिकाणी कधी गाव होतं का, याचा.

बायको एकदा मागून डोकावली.
"कुठलं गाव हे?"
"नाहीये ते."
"मग वाचतोयस काय?"
"नाहीये, हे कसं ठरवलं ते."
त्यानंतर तिने विचारणं सोडून दिलं.

या सगळ्याची सुरुवात फार जुनी, म्हणजे इंटरनेटच्या हिशेबाने जुनी. 2002 च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन सदस्याने 'रॅमबॉट' नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप लेख लिहिणारा प्रोग्राम, कामाला लावला. सन 2000 च्या जनगणनेचे तक्ते त्याच्या पुढ्यात ठेवले, एक साचा दिला, आणि त्याने अमेरिकेतल्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), शहरं, खेडी मिळून 30,000 हून जास्त लेख पाडले. इंग्रजी विकिपीडियाने पहिला लाख गाठला तोच मुळी जानेवारी 2003 मध्ये. म्हणजे त्या वेळच्या ज्ञानकोशाचा केवढा भाग हा एकटा सांगकाम्या लिहून गेला बघा. कुठलाही एक लेख उघडून देणारा 'अविशिष्ट लेख' हा दुवा दाबावा आणि दर वेळी कॅन्ससमधलं एखादं खेडं समोर यावं, असे ते दिवस. जुने सदस्य वैतागले. सगळे लेख एकाच घडणीचे: इतकी माणसं, इतकी घरं, इतकी कुटुंबं, दर 100 बायकांमागे इतके पुरुष, सरासरी उत्पन्न इतकं. गावात पाऊल न टाकता लिहिलेली गावं.

पण माझं मत विचाराल तर त्या कंटाळवाण्या आकड्यांनीच माणसं ओढून आणली. आपल्या गावाबद्दल नुसते आकडे दिसले की माणसाला राहवत नाही. आमच्याकडे काय फक्त दर 100 बायकांमागे 94 पुरुष आहेत होय? मग तो शाळेचं नाव घालतो, पुरात वाहून गेलेल्या पुलाचं साल घालतो, गावातून निघून नाव काढलेल्या एखाद्या बेसबॉल खेळाडूचा उल्लेख करतो. दुसरा येऊन पुराव्याची मागणी करतो. तिसरा स्वल्पविराम हलवतो. कोरी पाटी दिली असती तर यातल्या निम्म्यांनी खडूसुद्धा उचलला नसता.

आकड्यांवरून मोनोवाय आठवलं. नेब्रास्का राज्यात, बॉइड काउंटीत हे गाव आहे. 2000 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 2 होती, एक नवरा-बायको. 2004 मध्ये नवरा गेला, आणि 2010 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 1 झाली. गाव मात्र कायद्याने रीतसर गाव. मग महापौर त्या आजी, ग्रंथपाल त्या, खानावळ चालवणाऱ्याही त्याच. दारूच्या परवान्यासाठी अर्ज त्यांनी करायचा आणि गावातर्फे मंजूरही त्यांनीच करायचा. आता 2020 ची जनगणना आली, तर मोनोवायची लोकसंख्या 2! आजींना या दुसऱ्या रहिवाशाचा पत्ता नव्हता. झालं होतं असं, की कुणाची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खात्याने या खेपेला छोट्या ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ केली होती. राज्याची एकूण बेरीज अचूक ठेवायची, खाली मात्र आकडे किंचित इकडेतिकडे करायचे. मोठ्या शहरात हे कळतही नाही. एका माणसाच्या गावात एक माणूस वाढला की लोकसंख्या दुप्पट होते.

विकिपीडियावाल्याने अशा वेळी करायचं काय? अधिकृत आकडा 2, आणि खरं तर माणूस एक. स्वतः मोजून लिहायची सोय नाही, 'स्वतःचं संशोधन' तिथे चालत नाही. छापलेला आधार लागतो. म्हणून जनगणनेचा आकडाही द्यायचा आणि तो तसा का आहे याची बातमीही द्यायची. हिशेबनीस माणसाला हा उपाय आवडणार नाही. मला तो भयंकर आवडतो.

मोनोवाय निदान आहे. माझा खरा जीव अडकतो तो नसलेल्या गावांत. विकिपीडियाचा नियम असा, की कायद्याने मान्य असलेली वस्ती असेल, किंवा कधीकाळी होती, तर तिच्या लेखाला सहसा जागा मिळते. आणि एकदा मिळाली की मिळाली. गाव उठलं म्हणून लेख उठत नाही. नियम उदार आहे, आणि उदार नियमाचं जे होतं तेच त्याचं झालं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, भौगोलिक नावांची एक प्रचंड यादी आहे. जुन्या नकाशांवर छापलेली नावं कर्मचाऱ्यांनी एकेक करून उचलली आणि तिच्यात भरली: नाव, अक्षांश-रेखांश, आणि एक वर्ग. डोंगर असेल तर डोंगर, ओढा असेल तर ओढा. आणि जे यांपैकी काही वाटलं नाही, त्यातलं बरंचसं 'वस्तीचं ठिकाण' या वर्गात जाऊन बसलं. कागदावरच्या नकाशात ते नाव रुळाला चिकटून छापलेलं दिसतं, आजूबाजूला एकही घराचा ठिपका नसतो, हे डोळ्यांना कळतं. यादीत उतरताना रूळ गळून पडला आणि नाव तेवढं उरलं. मग उत्साही सदस्यांनी यादीवरून लेख केले: 'अमुक ही तमुक काउंटीतली वस्ती आहे.' एक ओळ, एक नकाशा, समुद्रसपाटीपासूनची उंची. पुढचं गाव.

वर्षं गेली आणि काही संशयी लोक उठले.

हे लोक मला फार प्रिय आहेत. त्यांना बिनपगारी तलाठी म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे महसुलाच्या दप्तरात बेचिराख गावं असतात: गट नंबर आहे, शीव आहे, कधीकाळी पांढरी होती, आज माणूस नाही. पण आपल्या बेचिराख गावात कुणीतरी राहून गेलेलं असतं. या अमेरिकन नावांपैकी कित्येकांत कुणी कधी राहिलंच नव्हतं, आणि हे सिद्ध करणं जास्त कठीण. 'होतं' म्हणायला एक पुरावा पुरतो. 'नव्हतं' म्हणायला सगळं पालथं घालावं लागतं.

ते तसं घालतातही. एक सदस्य यूएसजीएसचे जुने नकाशे काढतो, वेगवेगळ्या सालांचे, आणि बघतो की घरांचे काळे ठिपके कधी उमटले होते का. दुसरा जुनी हवाई छायाचित्रं धुंडाळतो. तिसरा लायब्ररी ऑफ काँग्रेसने फुकट खुल्या केलेल्या वर्तमानपत्रांत ते नाव शोधतो आणि सांगतो, की सापडतं ते फक्त गुरं चढवल्याच्या आणि मालगाडी घसरल्याच्या बातम्यांत. चौथा पोस्टाच्या नोंदी आणतो. पोस्ट हे तर मोठंच फसवं प्रकरण. एकोणिसाव्या शतकातलं खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या दुकानदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातला कोपरा. पोस्टमास्तर बदलला की पोस्ट दोन मैल सरकायचं, कधी नावासकट बदलायचं. 1896 पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झालं आणि असली हजारो पोस्टं पुढे बंद पडली. नावं नकाशावर राहिली. पोस्ट होतं म्हणजे गाव होतं का? यावर मी पानंच्या पानं वाचली आहेत आणि माझं मत अजून दर आठवड्याला बदलतं.

रेल्वेचं त्याहून मजेदार. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीने बाजूला सरकून उभं राहायचं, त्यासाठी ठरावीक अंतरावर सायडिंग हवं, आणि तारेवरून हुकूम द्यायचे तर प्रत्येक सायडिंगला नाव हवं. 1883 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातून रूळ गेले तेव्हा नावं शोधून दमलेल्या कुणीतरी इंग्रजी मुळाक्षरंच धरली. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, पुढे फेनर, गॉफ्स. वाळवंटात पेरलेली ए, बी, सी, डी! त्यातल्या ॲम्बॉयचं नशीब उघडलं; 1926 मध्ये ठरलेला रूट 66 हा हमरस्ता त्याच्या दारावरून गेला, पेट्रोल पंप आला, मोटेल आलं, गाव गजबजलं. 1973 मध्ये नवा हमरस्ता दुसरीकडून गेला आणि ते ओसरलंही. ॲम्बॉयच्या लेखाला कुणी हात लावणार नाही. पण रेल्वेने एक अक्षर दिलं म्हणून काही प्रत्येक ठिकाणी गाव वसत नाही, आणि अशा जागांपुढे आमचे संशयी लोक कंदील घेऊन उभे राहतात.

चर्चेची भाषा बघण्यासारखी असते. 'ठेवा', 'वगळा', 'काउंटीच्या लेखाकडे वळवा'. नुसती मतं मोजायची नसतात, युक्तिवाद तोलायचे असतात, असा दंडक आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. मधेच कुणीतरी एखाद्या शाळेची बातमी घेऊन येतो: गावाला शाळा होती, एक मास्तरीण होती, नाताळात कार्यक्रम झाला. मग ज्याने वगळायचा प्रस्ताव मांडला होता तोच मुकाट्याने प्रस्ताव मागे घेतो, आणि जाता जाता त्या शाळेची ओळ लेखात घालून जातो. हरलेला वकील विरुद्ध पक्षाचं घर शाकारून देतो, असं दुसरीकडे कुठे दिसतं मला सांगा.

सगळेच असे गोडीने नांदतात असं नाही. अमेरिकेतल्या रस्त्यांवर लिहिणाऱ्यांची एक वेगळी जमात होती. 2006 मध्ये राज्य महामार्गांच्या लेखांचं शीर्षक कसं असावं यावरून त्यांच्यात इतकी जुंपली, की प्रकरण विकिपीडियाच्या लवाद समितीपर्यंत गेलं. राज्याचं नाव आधी की नंतर कंसात, एवढाच वाद! पण त्यातूनही त्यांनी देशभरच्या महामार्गांचे लेख उभे केले, प्रत्येक रस्त्याच्या क्रमांकाची ढाल, म्हणजे पाटीवरचं ढालीच्या आकाराचं चिन्ह, नीट आखून लावली. पुढे नकाशा हा पुरावा धरायचा की नाही, रस्ता दखलपात्र कशाने होतो, यावरून इतरांशी खटके उडत गेले आणि 2023 मध्ये त्यांतल्या पुष्कळांनी वेगळी चूल मांडून स्वतःचा रस्त्यांचा विकी काढला. विकिपीडियाच्या मुक्त परवान्याप्रमाणे मजकूर सोबत नेता येतो, तो त्यांनी नेला. मला त्यात दोष कुणाचा ते सांगता येत नाही. ज्या नकाशाकडे गावं तपासणारे सदस्य संशयाने बघतात, त्याच नकाशावर रस्तेवाल्यांचं पोट, खटका उडायचाच.

मराठी विकिपीडियावरही अमेरिकेतल्या काउंट्यांवर, शहरांवर छोटे छोटे लेख आहेत. आमच्या चावडीवर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर, मात्र वगळण्याचा एवढा उत्साह मी पाहिलेला नाही. लिहायलाच माणसं कमी, खोडायला कुठून आणणार? आणि सामग्रीचाही फरक आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेला नकाशा, फोटो, अहवाल तिथे सहसा कुणाच्याही मालकीचा नसतो; उचला आणि वापरा. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावर प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो. तुमच्या तालुक्याचा जुना नकाशा लेखात लावायचा म्हटलं, तर आधी साल बघावं लागतं.

इतकं करून लेख वगळला, तरी ते गाव मरत नाही, हे मला उशिरा लक्षात आलं. सरकारी यादीतलं नाव नकाशाच्या ॲपांनी केव्हाच उचललेलं असतं. वाळवंटाच्या मधोमध, जिथे एक गंजका डबाही नाही, तिथे फोनवर ठसठशीत नाव दिसतं. त्या नावावरून यंत्रं वेबपानं तयार करतात: इथली विक्रीची घरं, इथले प्लंबर, इथलं उद्याचं हवामान. मग काही महिन्यांनी एखादा नवा सदस्य येतो आणि हीच पानं पुरावा म्हणून पुढे करतो, की गाव नसतं तर तिथलं तापमान कसं दाखवलं असतं? आणि एखादा जुना जाणता, ज्याने याच काउंटीतली चाळीसेक सायडिंगं निस्तरलेली असतात, न चिडता त्याला समजावत बसतो, की बाबा रे, हवामान माणसं नसली तरी असतं.