जास्तीच्या चार पट्ट्या

बेकन, म्हणजे मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, हवं तेवढंच आणता आलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण इथे इंग्लंडात सुपरमार्केटमध्ये ते पाकिटातच मिळतं, आणि पाकिटाशेजारी दोन घेतली तर स्वस्त अशी चिठ्ठी असते. रविवारच्या नाश्त्याला माणशी दोन पट्ट्या धरल्या तरी काही उरतातच. त्यात पाहुणे येणार म्हणून जास्तीचं आणून ठेवावं, तर नेमकी एकाची संकष्टी निघते, दुसऱ्याने नुकताच मांसाहार सोडलेला असतो आणि तिसरा म्हणतो, ‘मला आपले पोहेच दे गं.’ सोमवारी फ्रिज उघडावा तर तोंड फाडलेलं पाकीट दुधाच्या मागे पडलेलं.

उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, वरण कणकेत मळून धपाटे. या बाबतीत मराठी बायकांना कुणी काही शिकवू नये. पण बेकनपुढे हे सगळं शहाणपण जरा अडखळतं. कारण ते उरतं चार पट्ट्या, आणि खाणारी तोंडंही चार. वाटून दिलं तर कुणाचंच भागत नाही. म्हणून माझं ठाम मत असं, की उरलेल्या बेकनचा पदार्थ करायलाच जाऊ नये. ते दुसऱ्या पदार्थात घालावं. ताटात मिरवणाऱ्या चार पट्ट्या दोन घासांत संपतात. त्याच बारीक चिरल्या तर अख्खा कोबी तारून नेतात.

हे मला कुठल्या इंग्रजी पाककृतीने सांगितलेलं नाही. आमचं घर अलिबागकडचं, सीकेपी. आमच्याकडे सोडे असतात. सोलून वाळवलेली ही कोळंबी कुणी वाडगाभर घेऊन खात बसत नाही. किंमत ऐकली तर कुणाची हिंमतही होणार नाही. मूठभर घ्यायचे, जरा भिजवायचे, कांद्यावर परतायचे आणि मग त्यात वांगं, बटाटा, नाहीतर तांदूळ. सोड्याच्या खिचडीत सोडे शोधावे लागतात, पण वास दारापर्यंत येतो. बेकनचंही तेच. मिठाने मांसातलं पाणी ओढून घेतलं की मांस टिकतं आणि चव दाट होते. आपल्याकडे उन्हाने जे काम केलं, ते या ओल्या, गार देशात मिठाने आणि धुराने केलं. गोव्याच्या चोरीसला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजलाही, मीठ आहेच, वर मिरची आणि व्हिनेगर. तिथेही चोरीसचे चार मणी पुलावभर पुरवायचे असतात.

आईला फोनवर हा सिद्धांत सांगितला. ती बेकन खात नाही, पण तिचं मत तयार होतं. ‘सोड्यांची सर नाही येणार,’ म्हणाली, ‘आणि त्यात वरून मीठ घालू नकोस.’ दुसरं वाक्य सोन्याचं आहे. बेकन पडलं की मीठ बाजूला ठेवायचं, अगदी शेवटी चाखून हवं तरच चिमूटभर.

आता बेकन बेकनमध्येही फरक असतो. इंग्रजांचं लाडकं ते बॅक बेकन, म्हणजे डुकराच्या पाठीचं मांस, कडेला चरबीची किनार. नाश्त्याला छान. स्ट्रीकी बेकन पोटाचं, मांस आणि चरबी यांचे एकाआड एक पट्टे असलेलं. अमेरिकेत बेकन म्हटलं की हेच. उरलेल्याच्या उद्योगाला स्ट्रीकी कधीही सरस, कारण आपल्याला हवी असते ती चरबी. बॅक बेकन बारीक चिरून परतलं की लवकर चिवट होतं. शिवाय इथल्या बऱ्याचशा बेकनमध्ये खारं पाणी मुरवलेलं असतं. ही ओल्या मुरवणीची विल्टशर पद्धत. विल्टशर परगण्यातलं काल्न हे गाव तिच्यासाठी नावाजलेलं. आयर्लंडहून आलेले डुकरांचे कळप ब्रिस्टलला उतरून लंडनकडे पायी हाकत नेत, वाटेत काल्नला मुक्काम पडे. तिथल्या हॅरिस घराण्याच्या खाटिकांनी ही संधी बरोबर हेरली. एकोणिसाव्या शतकात बर्फाच्या साठ्यामुळे उन्हाळ्यातही बेकन मुरवता येऊ लागलं, मीठ कमी लागू लागलं, आणि गावभर पसरलेला कारखाना उभा राहिला. १९८२ साली तो बंद झाला. पद्धतीचं नाव मात्र पाकिटांवर अजून आहे.

ते पाणी तव्यात कळतं. थंड तवा घ्यायचा, तेल नाही, त्यावर चिरलेले तुकडे पसरायचे आणि आच मंद. आधी तुकड्यांभोवती पांढुरकं पाणी सुटतं, दिसायला अगदी नकोसं. ते आटू द्यायचं. मग चरबीच्या कडा आधी दुधी, मग काचेसारख्या होतात, मांस आक्रसतं, तुकडे कडेने वर वळायला लागतात. आवाजही बदलतो. सुरुवातीला ओला, जाडसर चुरचुराट असतो. पाणी संपत आलं की तो बारीक होतो आणि तुकड्यांवर पांढरा फेस चढतो. फेस आला की हलायचं नाही. पुढच्या मिनिटभरात खमंग आणि करपलेलं यांचा निकाल लागतो. तुकडे झाऱ्याने काढून कागदावर टाकायचे आणि तव्यात मागे राहिलेली चरबी गाळून वाटीत.

ही वाटी म्हणजे खरी कमाई. लोक ती मोरीत ओततात हे पाहून माझा जीव वरखाली होतो. आणि मोरीत ओतल्यावर काय होतं ते लंडनने पाहिलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या रस्त्याखालच्या गटारात चरबीचा आणि वेट वाइप्सचा गोठलेला गोळा सापडला, २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. तो फोडायला माणसं आठवडेच्या आठवडे खपत होती. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी संग्रहालयात काचेआड मांडला आणि तो बघायला गर्दी झाली. इंग्रज माणसाला काय बघावंसं वाटेल याचा नेम नाही.

आमच्या शेजारच्या आजीबाई चरबी इनॅमलच्या एका मगात साठवतात. मगाची कड उडालेली, आत पिवळट पांढरा थर. त्यांचं बालपण रेशनात गेलं. ८ जानेवारी १९४० ला इथे लोणी, साखर आणि बेकन रेशनवर आलं. बेकन माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास. त्याच वर्षी अन्न वाया घालवणं हा गुन्हा ठरला. लोकांनी मंडळं काढून डुकरं पाळली, त्यांना घरोघरचं खरकटं घातलं, आणि मोठं झालेलं डुक्कर निम्मं सरकारला दिलं. म्हणजे उरल्यासुरल्याचं बेकन होत होतं. आपण त्याच्या उलट्या दिशेने निघालोय. मांसाचं आणि बेकनचं रेशन सुटायला ४ जुलै १९५४ उजाडला. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. अमेरिकेत तर तव्यातली चरबी डब्यात भरून खाटिकाकडे नेऊन द्या असं सरकार सांगत होतं, कारण तिच्यातून ग्लिसरीन निघे आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. एवढा मान आपल्या वाटीला कुठला मिळायला! आजीबाई त्यात पावाचा तुकडा तळून खातात. मला विचाराल तर त्या चरबीत बटाट्याच्या काचऱ्या कराव्यात. जिरं, हिरवी मिरची, आणि काही नको.

कोबीकडे येऊ. रविवारी इंग्रज घरात मोठं जेवण होतं, सोमवारी उरलेले बटाटे आणि कोबी एकत्र कुस्करून तव्यावर थापतात, खालून खरपूस होईपर्यंत हलवत नाहीत. याला बबल अँड स्क्वीक म्हणतात. नावावरून अंदाज येणार नाही, पण चव ओळखीची वाटते. यात बेकनचे तुकडे पडले की हा पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवता येतो. ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे ते बोराएवढे कोबीचे गड्डे, ख्रिसमसला नाइलाजाने शिजवले जातात आणि कर्तव्य म्हणून खाल्ले जातात. त्यांना अर्धे चिरून बेकनच्या चरबीत काळपट डाग पडेपर्यंत भाजलं तर कर्तव्यबुद्धी लागत नाही. ख्रिसमसलाच खजूर नाहीतर सुक्या आलुबुखाराभोवती बेकन गुंडाळून भाजतात, त्याला घोड्यावरचे सैतान असं भारदस्त नाव आहे. उरलेल्या दोन पट्ट्यांतही असे सहा-सात सैतान होतात. खजुरात बदाम कोंबून करावेत. गोडाबरोबर खारट हे आपल्या जिभेला समजावून सांगावं लागत नाही.

वाळलेल्या हिरव्या वाटाण्यांचं सूप हे इथलं गरिबांचं जुनं जेवण. त्यात बेकनचा तुकडा टाकणं ही सवय, चैन नव्हे. आमच्याकडे तेच अख्ख्या मसुराला होतं. कांदा चरबीवर लालसर परतायचा, लसूण ठेचून, मसूर, पाणी, आणि कुरकुरीत तुकडे अर्धे आत नि अर्धे वाढताना वरून. हिंग नको, हळद अगदी नावाला. हळदीने धुराचा वास मरतो. फोडणीच्या भाताला मोहरी आणि कढीपत्ता चालतो, तो चांगलाच चालतो. थालिपिठात तुकडे मळून बघितले तर ते तेलकट होतं आणि थापताना फाटतं. थालिपीठ साधंच लावावं, फक्त तेलाऐवजी चरबी सोडावी.

इटालियन मंडळींच्या कार्बोनारा पास्त्यात मी पडत नाही. त्यांना डुकराच्या गालाचं ग्वान्चाले लागतं, धुरी न दिलेलं, आणि साय तर अजिबात चालत नाही. धुरी दिलेल्या बेकनचा कार्बोनारा केलाच तर त्याला पास्ता म्हणावं आणि गप खावं.

हे सगळं वाचून कुणी रोज बेकन आणायला लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत असलेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशेब. एका पट्टीत चौघांची भाजी करण्याच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये आठवडाभराच्या आत संपवावं. तसा भरवसा नसेल तर पहिल्याच दिवशी पट्ट्या एकेक करून बटर पेपरवर अंतराने ठेवायच्या, कागद गुंडाळायचा आणि फ्रीझरमध्ये. लागेल तशी एक पट्टी निघते. गोठलेली पट्टी सुरीने सुरेख बारीक चिरता येते, ताजी नुसती सरकत राहते.

बेकन बक्षीस म्हणून देणारं एक गावही या देशात आहे. एसेक्समधलं ग्रेट डनमो. लग्नानंतर बारा महिने आणि एक दिवस ज्या जोडप्याला आपल्या लग्नाचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही, त्याला तिथे अख्ख्या डुकराची एक बाजू मिळते. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेतही या प्रथेचा उल्लेख आहे. आता दर लीप वर्षी तिथे खटला भरतो. विग घातलेले न्यायाधीश, सहा कुमारिका आणि सहा अविवाहित तरुणांची ज्युरी. जोडप्याचा एक वकील असतो आणि बेकन वाचवायला दुसरा वकील. तो उलटतपासणीत जोडप्यात भांडण लावायचा होता होईल तो प्रयत्न करतो. जिंकलेल्यांना खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात. हरलेल्यांनाही रिकाम्या हाती पाठवत नाहीत, मांडीचा तुकडा देतात.

मी नवऱ्याला म्हटलं, आपण अर्ज करू या. पश्चात्तापाचा प्रश्न त्याने सोयीस्कर बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘जिंकलो तर ठेवायचं कुठे?’ आमच्या फ्रीझरला तीन खण आहेत. एकात खवलेला नारळ, एकात मटार, आणि तिसऱ्यात आईने दिलेले सोडे. सोड्यांचा खण रिकामा करायला मी तयार नव्हते, मटारचा करायला तो. आवाज जरा चढले. डनमोच्या वकिलाला फार कष्ट पडले नसते.