कोळंबीच्या टरफलातला विद्युतभार

मिरकरवाड्याहून आणलेली कोळंबी सोलून झाली की आई टरफले माडाच्या आळ्यात टाकत असे. त्याच टरफलांतल्या कायटिनपासून मिळणाऱ्या कायटोसानवर मी ११ वर्षे संगणकाने संशोधन करतो आहे, याचे तिला अजूनही हसू येते.

कायटिन तीव्र अल्कलीत तापवले की त्यातले बरेचसे ॲसिटिल गट निघून जातात आणि अमिनो गट मोकळे होतात. आम्लात हे गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतात, भारित साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि कायटोसान विरघळते. सामू साधारण साडेसहाच्या वर गेला की बहुतेक भार उतरतो आणि साखळ्या पुन्हा एकमेकींत गुंततात. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतात, ते मुख्यतः या धनभारामुळेच.

आमच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर अणूंची हालचाल घडवून पाहताना, प्रत्येक अणूवरचे बल काढून त्याला २ फेम्टोसेकंदांनी (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) पुढे सरकवायचे, की पुन्हा बल काढायचे. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, ही फेरी ५० कोटी वेळा होते. १९७७ साली रसायनशास्त्रज्ञ मार्टिन कार्प्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले प्रथिनाचे पहिले सिम्युलेशन १० पिकोसेकंदांचेही, म्हणजे १० हजार फेम्टोसेकंदांचेही, नव्हते.

मात्र कोणत्या अमिनो गटावर भार ठेवायचा, हे नेहमीच्या पद्धतीत आधीच ठरवावे लागते. मध्येच तो बदलत नाही. पीएचडीनंतरच्या पहिल्या वर्षी मी आम्लातल्या जुन्या कामाची फाइल तशीच उचलली आणि रक्ताच्या, म्हणजे ७.४ सामूच्या, प्रश्नाला लावली. सहा आठवडे साखळ्या देखण्या अंतरावर तरंगत राहिल्या, मी आलेख काढले, बैठकीत मांडले, आणि मागच्या बाकावरच्या नव्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, सामू किती धरलाय?" गाइड एवढेच म्हणाले, "पुन्हा लाव."

मुलाखतींत मात्र वेगळेच विचारतात: "प्रयोग कोण करतं?" निव्वळ संगणकावर काम करणाऱ्याला नोकरी देताना समित्या अजूनही बिचकतात, आणि माझी पहिली चार वर्षे सहा-सहा महिन्यांच्या करारांवर गेली.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो, तेव्हा भाचीसाठी एक टरफल वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकले. कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी उरला तो कायटिन आणि प्रथिनांचा मऊ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा. आईने तो नखाने उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "हेच होय तुझं ते?"