ला सेल्वातला हर्मिटचा आखाडा

कोस्टा रिकात हमिंगबर्ड बघायचे तर बहुतेकजण साखरपाण्याच्या फीडरसमोर बसतात. फोटो छान येतात, पण हा पक्षी जगतो कसा ते तिथे कळत नाही. त्यासाठी सारापिकी भागातल्या ला सेल्वा संशोधन केंद्राच्या जंगलात जा. आम्ही गेलो ते लाँग-बिल्ड हर्मिट या लांब चोचीच्या हमिंगबर्डसाठी.

पहाटे गाइडने दाट झुडपांपाशी नेलं. आधी नुसता आवाज. एकच चिरका स्वर, सेकंदाला एकदा वगैरे, अखंड. मग अगदी खालच्या काटकीवर पांढरं काहीतरी हललं. ती शेपटीच्या लांब पिसांची टोकं. प्रत्येक स्वराला शेपटी डोलते. बाकी पक्षी तपकिरी, चोच लांब आणि खाली वाकलेली. असे कितीतरी नर आपापली जागा धरून गातात आणि माद्या येऊन निवड करतात. हाच त्यांचा आखाडा. गाणं उपजत नसतं, शिकलेलं असतं, त्यामुळे शेजारशेजारच्या नरांचं बरेचदा सारखं असतं. आमच्यासमोरच दोघांची जागेवरून जुंपली. नर प्रौढ झाला की त्याच्या चोचीचं टोक अणकुचीदार बनतं आणि तो ते प्रतिस्पर्ध्याला भोसकायला वापरतो, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे. वजन जेमतेम सहा ग्रॅम, आणि ही खुन्नस!

खायची तऱ्हाही निराळी. आपल्या बागांत लावतात तो हेलिकोनिया इथे रानात वाढतो. हर्मिट एका झुडपावर हक्क सांगत बसत नाही, लांबलांबच्या फुलांची ठरलेली फेरी मारतो. म्हणून तो उडून गेला तरी फुलापाशीच थांबा, परत येतो. आपला शिंजीर बहुधा फांदीला धरून मध पितो, हा हवेतच तरंगत. त्या काही क्षणांत फुलातले माइट, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव, चोचीवरून धावत नाकपुडीत शिरतात आणि पुढच्या फुलावर उतरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हे कळल्यापासून माझी नजर चोचीवरून हटेना.

घरटं मादी एकटीच करते, लोंबत्या पानाच्या टोकाला खालच्या बाजूने, कोळ्याच्या धाग्यांनी चिकटवून. पानं उचलून बघू नका, कृपा करून.

राजधानी सान होसेहून बस ग्रान टर्मिनल देल कारिबेवरून सुटते. तिकीट काढताना 'पुएर्तो व्हिएहो दे सारापिकी' असं पूर्ण नाव सांगा. नुसतं पुएर्तो व्हिएहो म्हटलं तर समुद्रकाठच्या दुसऱ्याच गावाला पोचाल. वाटेतल्या 32 नंबरच्या रस्त्यावर पावसात दरडी कोसळतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या दिवशीच निघू नका. ला सेल्वात वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात बरा, आणि नरही तेव्हा गात असतात. गाइडसह फेरी आधी बुक करा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच, तेर्सिओपेलो हा विषारी साप तिथे आहे. तोल गेला तरी खोडाला हात लावू नका, बुलेट मुंग्या असतात. आखाड्याजवळ फ्लॅश आणि मोबाइलवर वाजवलेलं गाणं दोन्ही बंद. कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा, उजेड फार कमी असतो.