चढत जाणारी गोळी आणि पणतीची काजळी

मागच्या नोंदीत मी माझ्या विंचेस्टर मॉडेल ९४ कार्बाइनचा, म्हणजे आखूड नळीच्या रायफलीचा, सगळा दोष मागच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खुणेवर, ढकलला होता. तो आरोप आज मागे घेतो. शनिवारी १०० यार्डांवर सलग झाडलेल्या पाच गोळ्या साडेतीन इंचांत बसल्या आणि पाचवी जवळजवळ पहिलीच्या शेजारी लागली. १९६४ पूर्वीच्या, उघड्या साइटच्या थर्टी-थर्टी (.३०-३०) काडतुसाच्या रायफलीसाठी हा काही पराक्रम नव्हे. पण याच रायफलीने ऑगस्टमध्ये नऊ इंच उंच आणि जेमतेम दोन इंच रुंद अशी शिडी कागदावर काढली होती, हे ज्यांच्या लक्षात आहे त्यांना माझा आनंद समजेल.

दोष काय होता ते थोडक्यात सांगतो. थंड बॅरलमधून, म्हणजे नळीतून, सुटलेली पहिली गोळी नेमावर लागे आणि पुढची प्रत्येक गोळी आधीच्या वर चढे. १५० ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसे वापरली, १७० ग्रेनची वापरली, दोन्ही चढली. वाळूची पिशवी फोरएंडखालून (बॅरलखालच्या, हाताने धरायच्या लाकडाखालून) काढून रिसीव्हरखाली (यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागाखाली) ठेवली, तरी फरक नाही. शेवटी दोन बारांमध्ये दहा दहा मिनिटे थांबलो, तेव्हा शिडी आपोआप आवरली. म्हणजे दोष ना काडतुसांचा होता, ना साइटचा, ना माझ्या चापावरच्या बोटाचा. तो उष्णतेचा होता.

बॅरल तापते आणि लांबीने वाढते, तिच्याखालची मॅगझिन ट्यूब, म्हणजे काडतुसे साठवायची नळी, मात्र थंडच राहते आणि दोघी दोन पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, हे या रायफलीचे जुने दुखणे आहे. त्यामुळे सगळा दोष पट्ट्यांचाच, असे मी धरून चाललो होतो. परंतु वरचा धातू वाढला आणि खालचा वाढला नाही, तर जोडी खाली वाकायला हवी आणि गोळ्या उतरायला हव्यात. माझ्या तर चढत होत्या. ही साधी विसंगती लक्षात यायला मला सहा आठवडे लागले. मग फोरएंडचे लाकूड आणि मागची पट्टी काढून, केवळ पुढच्या पट्टीवर ट्यूब धरून, एकेक काडतूस हाताने भरत पाच बार काढले. गोळ्या तीन इंचांत आल्या आणि शेवटच्या दोन किंचित खाली लागल्या! बॅरलला वर रेटणारा गुन्हेगार लाकूडच होते.

लाकूड नेमके कोठे टेकते हे शोधायला बाजारात निळी शाई मिळते, पण ती बोटांवरून आठवडाभर जात नाही. आजी काजळ धरायची तशी मी तेलाच्या पणतीवर पितळेची वाटी उपडी धरली, जमलेली काजळी थेंबभर तेलात कालवली आणि बॅरल व ट्यूब या दोन्हींना तिचा पातळ हात दिला. रायफल जोडून पुन्हा उघडली, तेव्हा फोरएंडच्या पुढच्या टोकाशी, पट्टीच्या अगदी खाली, नखाएवढे दोन काळे डाग उमटले होते. शिवाय लाकडाची मागची कडा रिसीव्हरच्या तोंडावर घट्ट बसून पाचरीचे काम करत होती. गोल काठीला सँडपेपर गुंडाळून मी ते डाग खरवडले, मागे पत्त्यातल्या एका पानाएवढी फट ठेवली आणि उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाचे तेल चोळले. काजळी लावणे, जोडणे, उघडणे आणि खरवडणे हा फेरा अकरा वेळा झाला. येथे घाई करू नये, कारण काढलेले लाकूड परत येत नाही.

पट्ट्यांचे स्क्रू मी पूर्वी अंगातल्या सगळ्या जोराने आवळत असे. आता ते टेकल्यावर थोडासाच पीळ देतो. त्यांच्यासाठी समांतर टोकाचे, बंदुकीच्या कामाचे स्क्रूड्रायव्हरच घ्यावेत. घरातल्या निमुळत्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने मी एका मूळ स्क्रूची खाच आधीच फाडून ठेवली आहे. त्याच्या बदल्यात जुन्या भागांच्या एका विक्रेत्याकडून मागवलेला स्क्रू तीन आठवड्यांनी आला, तोही वेगळ्या आट्यांचा.

हरणाला दुसरी गोळी लागतेच कशाला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात बहुतेक बार ७० यार्डांच्या आतच होतात, हेही खरे. पण साइट जुळवताना तिसरी गोळी कोठे जाणार हे ठाऊक नसेल, तर जुळवायचे कशाच्या आधारावर?

आता या हिवाळ्यात रिसीव्हरवर पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट, बसवण्याचा बेत होता. माझ्या रिसीव्हरला त्यासाठीची छिद्रे नाहीत आणि ती पाडण्याचे धैर्य आता उरलेले नाही. टँगवर, म्हणजे रिसीव्हरमागच्या धातूच्या जिभेवर, बसणारी साइट पाहावी म्हणतो. मात्र हे लिहीत असतानाच एक गोष्ट ध्यानात आली. या सगळ्या चाचण्या मी ट्यूब रिकामी ठेवून केल्या, आणि रानात ती भरलेली असणार. बॅरलला टांगलेले ते वजन गोळी हलवते की नाही, हे मी तपासलेलेच नाही. इथला हरणांच्या शिकारीचा रायफल हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी उघडतो. तेव्हा साइटचा विचार बाजूला ठेवून येत्या रविवारी ट्यूब भरून थंड बॅरलमधून एक आणि ती रिकामी करून पुन्हा थंड बॅरलमधून एक, अशा पाच जोड्या झाडणार आहे.